कन्सोल आणि हातातल्या यंत्रावरील गेमचे समीक्षण: तारे द्यावेत का, आणि पाहावे तरी काय?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा प्रथमच व्हिडिओ गेमवर सदर असणार आहे आणि ते लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. संपादक मंडळातील ज्येष्ठांची अपेक्षा साधी आहे. कथानक थोडक्यात सांगावे, चित्रे किती खरीखुरी दिसतात ते लिहावे आणि शेवटी पाचपैकी तारे द्यावेत. चित्रपट परीक्षणाचा हा साचा गेमला लावू नये असे मला ठामपणे वाटते, म्हणून माझी भूमिका मांडतो आणि तुमचे आक्षेप ऐकण्यासाठी हा धागा काढतो.

गेम आपण हाताळतो, त्यामुळे तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या खोलीत आणि वेळाच्या किती मोठ्या तुकड्यात खेळला जातो यावर त्याचा बरेवाईटपणा बराचसा ठरतो. दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर जो खेळ रंगतो, तोच हातात घेऊन सिटी बसमध्ये खेळताना असह्य होऊ शकतो. म्हणून समीक्षकाने आधी हे पाहावे की खेळ मधेच सोडता येतो का आणि परतल्यावर आपण होतो तिथेच सापडतो का, पडद्यावरची अक्षरे वाचता येतात का, आणि बोटांकडून जे करवून घेतले जाते ते त्या यंत्राच्या बटणांना झेपते का. चित्रांची श्रीमंती त्यानंतर.

इतिहास माझ्या बाजूने आहे. १९८९ साली आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयचा पडदा हिरवट होता, त्यावर चारच छटा उमटत आणि त्याला मागून प्रकाश नव्हता. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत, उजळ पडद्याचा गेम गियर आणला. कागदावर तुलनाच होऊ नये, पण गेम गियर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवी आणि गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चाले. गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांची भूमिकाच अशी होती की जुने झालेले, स्वस्त आणि पुरते कळलेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याला नवे काम द्यावे. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

ताऱ्यांबद्दल एवढेच सांगतो की ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा खेळ २०१० साली आला, तेव्हा तो करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस मेटाक्रिटिक या परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरील शंभरपैकी सरासरी ८५ गुणांवर ठरला होता. सरासरी ८४ आली आणि बोनस गेला. ज्या आकड्याने इतके घडते तो आकडा मी रामबागेत बसून कशाच्या आधारे देऊ?

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. हे निकष पटतात का, आणि सदराची सुरुवात कोणत्या खेळांनी करावी?

दुसरा_रिमोट

ज्येष्ठांना सांगा की हेही साहित्यच आहे, फक्त यात वाचक दुसऱ्या प्रकरणात सतरा वेळा मरतो.

निशाचर (इंदूर)

रामबागकर, तुमचा पहिलाच निकष मला मान्य नाही. खेळ कधीही थांबवता आणि सेव्ह करता आलाच पाहिजे, असा नियम केला तर काही उत्तम खेळ केवळ त्या नियमामुळे नापास ठरतील. १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ घ्या. त्यात प्रगती जतन करायची तर टाइपरायटर गाठावा लागे आणि प्रत्येक वेळी शाईची एक रिबन खर्च होई, आणि रिबनी तर मोजक्याच मिळत. पुढच्या दाराआड काय आहे हे ठाऊक नसताना, शेवटची रिबन आता वापरावी की राखून ठेवावी, या विवंचनेतूनच त्या खेळाची भीती जन्माला येते. राक्षसांची चित्रे तर आज हास्यास्पद वाटतात, भीती मात्र टिकून आहे. २०१९ साली ‘रेसिडेंट ईव्हिल २’ नव्याने केला तेव्हा साध्या पातळीवर रिबनी काढून टाकल्या, पण सर्वांत कठीण पातळीवर त्या जाणीवपूर्वक ठेवल्या. म्हणजे कर्त्यांनाही त्यांची किंमत ठाऊक होती.

खेळाडूची सोय हा निकष चहाच्या टपरीला लावावा. कलाकृतीला नाही.

वाचनवेडी (इंदूर)

निशाचर, तुमचे उदाहरण उत्तम आहे, परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. खेळाने घातलेला निर्बंध एक आणि बाहेरच्या जगाने आणलेला व्यत्यय दुसरा.

२००० साली छत्तीसगड वेगळे झाले, त्यानंतरच्या काळातले मध्यप्रदेशातले भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. आमच्या घरी मोठ्या भावाच्या हट्टामुळे कन्सोल होते. तो खेळत असला की आई वेळापत्रक पाहून स्वयंपाकघरातून सूचना देत असे, आणि तरीही वीज ठरल्या वेळेच्या आधी जाई. टाइपरायटर अजून दोन दालने दूर असताना पडदा काळा झाला, तर त्या क्षणी जी भावना होते तिचा खेळाच्या कर्त्याशी काही संबंध नाही. ती भीती नव्हे, तो निव्वळ संताप आहे.

गंमत अशी की ज्या मालिकेला सगळे कठोर म्हणतात तिने हा प्रश्न नीट सोडवला आहे. ‘डार्क सोल्स’ २०११ साली आला. त्यात पॉज नाही. पिशवी उघडून वस्तू शोधत असलात तरी शत्रू येऊन वार करतो. पण खेळ तुमची स्थिती सतत जतन करत राहतो, त्यामुळे रीतसर बाहेर पडलात तर परत आल्यावर त्याच जागी उभे असता. कर्त्याला जो दबाव हवा होता तो राहिला आणि घरातले मूल रडू लागले तर उठायची सोयही राहिली. २०१८ चा ‘सेलेस्ट’ तर त्याहून पुढे जातो. प्रत्येक पडदा म्हणजे एक छोटे कोडे, मेलात तर क्षणात त्याच पडद्याच्या आरंभी उभे. तो अतिशय कठीण आहे आणि तरीही हातातल्या यंत्रावर पाच मिनिटांसाठी उघडता येतो. तेव्हा कठीणपणा आणि सोय यांचे वैर आहे असे मानण्याचे कारण दिसत नाही.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

येथे जुन्या खेळांचा गौरव सुरू होण्यापूर्वी थोडे पाणी ओततो.

आमच्या पिढीने ग्वाल्हेरात जे खेळले ते निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल होती. त्याला आम्ही नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू, कार्ट्रिजला ‘कॅसेट’ आणि कंट्रोलरला ‘रिमोट’. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि प्रत्यक्षात मोजके खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘काँट्रा’ हे त्यातले दोन सर्वांना पाठ.

आता समीक्षकाच्या चष्म्यातून पाहा. १९८५ चा ‘सुपर मारिओ’ अवघ्या ४० किलोबाइटचा. जागा इतकी अपुरी की ढग आणि झुडूप यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग बदललेला. त्या काटकसरीतून जे नेमकेपण आले ते थोर आहे हे मी मान्य करतो. धावत येऊन मारलेली उडी आणि जागेवरून मारलेली उडी यांतला फरक पहिल्या दोन मिनिटांत अंगठ्याला कळतो, आणि तेही कोणतीही सूचना न वाचता. पण ‘काँट्रा’चे काय? ज्याला पाठ आहे तो तो खेळ अर्ध्या तासात संपवतो. एवढा छोटा खेळ महिनोन्‌महिने पुरावा म्हणून तीन जीव द्यायचे, ते संपले की थोड्या संधी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. निशाचर ज्याला कला म्हणतात तिच्यातला बराच भाग हा लहान खेळ मोठा भासवण्याचा व्यापारी उपाय होता. समीक्षकाने हे वेगळे करून सांगावे.

निशाचर (इंदूर)

लष्करवाले, व्यापारी उपायातून कला निघू नये असा काही नियम आहे का? वर्तमानपत्रातल्या क्रमशः कादंबऱ्याही अंक खपावेत म्हणूनच प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवत असत. उपाय कशासाठी केला यापेक्षा तो खेळात काय घडवतो हे पाहावे.

‘काँट्रा’त जीव कमी असल्यामुळे दोन खेळाडू एकमेकांशी बोलू लागतात. ‘तू वर जा, मी खाली वाकतो’ हे संभाषण त्या तुटपुंजेपणातून येते. ठरावीक क्रमाने बटणे दाबून तीस जीव मिळवण्याची ती सर्वपरिचित युक्ती वापरून पाहा, बोलणे बंद होते आणि खेळ नुसता गोळीबार उरतो.

दुसरा_रिमोट

आमच्याकडे संभाषण ‘माझा जीव घेतलास, परत दे’ एवढ्यावरच होते. धाकट्या भावाला जो रिमोट मिळे त्याची वायर यंत्रात खोचलेली असतेच असे नाही, हेही समीक्षेत यावे.

सयाजीगंज (वडोदरा)

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि रामबागकरांच्या बोटांच्या निकषाबद्दल थोडे विस्ताराने लिहू इच्छिते, कारण गेमच्या परीक्षणांत मला नेमके हेच कधी वाचायला मिळत नाही.

हातातले यंत्र म्हणजे पडदा आणि कंट्रोलर एकत्र. कंट्रोलर मांडीवर ठेवून, मनगट सैल सोडून खेळता येते. हातातल्या यंत्रात पडदा दिसावा म्हणून ते उचलून धरावे लागते, त्यामुळे मान खाली जाते आणि मनगट वाकते. सोनीचा पहिला पीएसपी सुमारे २८० ग्रॅमचा होता, निन्टेन्डोचे पहिले स्विच दोन्ही बाजूंचे कंट्रोलर धरून सुमारे ४०० ग्रॅमचे आणि व्हॉल्व्हचे २०२२ चे स्टीम डेक जवळजवळ ६७० ग्रॅमचे. अर्ध्या किलोहून अधिक वजन उचलून तासभर धरणे आणि त्याच वेळी अंगठ्यांनी सूक्ष्म हालचाली करणे, हे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूबंधांना त्रासदायक असते. तिथे सूज येऊन मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला दुखते, त्याला डी क्वेर्वेन म्हणतात. तान्ह्या बाळांना वारंवार उचलणाऱ्या मातांमध्ये आम्ही तो नेहमी पाहतो, आणि आता तरुण मुलेही तीच तक्रार घेऊन येतात.

पण दोष सर्वस्वी यंत्राचा नसतो, तो खेळाच्या रचनेतही असतो. पीएसपीवर ‘मॉन्स्टर हंटर’ जपानमध्ये अफाट लोकप्रिय झाला. त्या यंत्राला अंगठ्याने फिरवायची काडी एकच होती, तीही डावीकडे. चालण्यासाठी ती आणि कॅमेरा फिरवण्यासाठी तिच्या वरची चार दिशांची बटणे. डाव्या अंगठ्याने चालायचे आणि त्याच वेळी तर्जनी वाकवून वरच्या बटणांवर आणायची, अशी पकड खेळाडूंनी शोधून काढली. पक्ष्याच्या पंजासारखी दिसणारी ही पकड खेळाडू अभिमानाने मिरवत. मी ती एकदा करून पाहिली आणि लगेच सोडली. खेळ उत्तम असेल, पण ज्याला यंत्राच्या मर्यादेची भरपाई खेळाडूच्या सांध्यांतून करून घ्यावी लागते त्याच्या परीक्षणात ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात असावी.

तेव्हा रामबागकर, सदरात एक ओळ अवश्य लिहा: सलग किती वेळ खेळल्यावर हात दुखू लागला.

चौकोनी_ठोकळा

वडोदऱ्याच्या ताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

मूळ लेखात एक भर घालतो. गेम बॉयचे यश सेलांच्या हिशेबाने पुरते उलगडत नाही. अमेरिकेत तो ८९.९९ डॉलरला मिळे आणि गेम गियर १४९.९९ डॉलरला. शिवाय तिथे त्याच्यासोबत ‘टेट्रिस’ येई. मॉस्कोत अलेक्सेई पाझितनोव यांनी १९८४ साली केलेला हा खेळ हातातल्या यंत्रासाठीच जन्मला असावा असे वाटते, कारण त्याला रंग लागत नाहीत, कथा लागत नाही आणि एक डाव काही मिनिटांत संपतो. मागून प्रकाश नसल्यामुळे गेम बॉय रात्री दिव्याखाली तिरका धरावा लागे, हा दोष खराच. पण ‘टेट्रिस’ तशा पडद्यावरही स्पष्ट दिसे. यंत्र आणि खेळ यांचे गुणमेलन करून पत्रिका छापायची झाली तर ही जोडी पहिली छापावी.

भारतात मात्र बहुतेकांनी ठोकळे पाहिले ते जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त ‘ब्रिक गेम’वर. त्यावर समीक्षा कोणी लिहिली नाही, आणि कदाचित सर्वांत जास्त खेळला गेला तोच.

अक्का_तिळकनगर (इंदूर)

मी दिवाळी अंकाची वाचक आहे आणि गेममधले मला फारसे कळत नाही, परंतु नातू सुटीत आला की त्याच्याबरोबर बसते. मला एक साधी अडचण आहे. टीव्हीवरच्या खेळात पात्रे जे बोलतात ते खाली इतक्या बारीक अक्षरांत येते की सोफ्यावरून मला वाचता येत नाही आणि नातवाला माझ्यासाठी मोठ्याने वाचण्याचा कंटाळा येतो. मग मी नुसती बसून राहते. तुमच्या सदरात कोणत्या खेळातली अक्षरे मोठी करता येतात तेवढे लिहिलेत तरी माझे काम होईल.

वाचनवेडी (इंदूर)

अक्का, ही तक्रार तुमच्या एकटीची मुळीच नाही. २००६ साली एक्सबॉक्स ३६० वर ‘डेड रायझिंग’ आला तेव्हा त्यातली अक्षरे नव्या, अधिक स्पष्ट टीव्हीचा विचार करून बेतली होती, आणि जुन्या जाड टीव्हीवर ती वाचताच येत नसत. खेळात काय करायचे याच्या सूचना त्या अक्षरांतच असल्याने ज्यांच्याकडे जुना टीव्ही होता त्यांना अंदाजाने चालावे लागले. तो काळ असा की आपल्याकडे बहुतेक घरांत जुनेच टीव्ही होते. ज्या परीक्षकांकडे मोठे नवे टीव्ही होते त्यांना ही अडचण जाणवणेही कठीण होते.

हातातल्या यंत्रावर हा दोष उलट दिशेने येतो. मोठ्या पडद्यासाठी केलेला खेळ लहान पडद्यावर आणतात आणि अक्षरे तेवढ्याच प्रमाणात आकसतात. ‘विचर ३’ हा प्रचंड खेळ २०१९ साली स्विचवर आणला. ३२ गीगाबाइटच्या एका कार्ट्रिजमध्ये तो बसवला हे कौशल्य निःसंशय मोठे, पण त्यात ग्रंथ, पत्रे, औषधींच्या पाककृती असे वाचायचे साहित्य भरपूर आहे आणि हातात धरून ते वाचताना डोळे शिणतात. अनेक परीक्षणांत ‘हा खेळ या यंत्रावर चालतो हाच चमत्कार’ असा सूर होता. चमत्काराचे कौतुक पहिला तासभर पुरते. तो खेळ संपवायला कित्येक आठवडे लागतात.

सरळसोट (इंदूर)

चर्चा रंगली आहे, पण कोणीतरी ग्राहकाच्या बाजूने बोलायला हवे.

सोनीचे प्लेस्टेशन ५ हे कन्सोल भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले आणि त्याच्यासाठीच्या मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये झाली. निन्टेन्डोचे तर भारतात अधिकृत दुकानही नाही. जेल रोडवर किंवा ओळखीच्या माणसाकडून बाहेरून आलेले यंत्र घ्यायचे आणि बिघडले की नशिबाला बोल लावायचा. माझ्या स्विचच्या डाव्या कंट्रोलरची काडी न हलवता पात्र आपोआप एका बाजूला चालू लागले, तेव्हा मला ते एका कारागिराकडून उघडून घ्यावे लागले. या दोषाची ओरड जगभर झाली, पण इतरत्र लोकांना निदान जाऊन भांडायला जागा होती. अशा परिस्थितीत पाच हजार रुपये खर्चण्यापूर्वी मला माणसाने स्पष्ट सांगावे की घे किंवा घेऊ नको. तारे हे त्याचेच संक्षिप्त रूप आहे. रामबागकर तारे देणार नसतील तर ती तत्त्वनिष्ठा माझ्या खिशातून जाते.

जपानमधल्या ‘फामित्सु’ या साप्ताहिकाची पद्धत मला आवडते. चार परीक्षक स्वतंत्रपणे दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी छापली जाते. १९९८ साली ‘झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’ला पहिल्यांदा पूर्ण चाळीस मिळाले. चौघांचे मत कुठे फुटले हे वाचकाला दिसते. तुमच्या मंडळात चार माणसे सापडत नाहीत का?

रामबागकर (इंदूर)

सरळसोट, चार माणसे सापडतील, चार कन्सोल सापडणार नाहीत.

तुमचा मुद्दा रास्त आहे आणि ‘घ्यावा की घेऊ नये’ हे मी प्रत्येक लेखात स्पष्ट लिहीन. पण ते वाक्यात लिहीन, कारण आकडा कोणत्या यंत्रावर खेळून दिला हे आकडा सांगत नाही. ‘सायबरपंक २०७७’ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. डिसेंबर २०२० मध्ये तो बाजारात येण्यापूर्वी परीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती, तिच्यावर गुणांची खैरात झाली, आणि ज्यांनी तो प्लेस्टेशन ४ वर विकत घेतला त्यांना खेळ अडखळत, मधेच बंद पडत चालताना दिसला. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो तिथे परतला २०२१ च्या जूनमध्ये. सरासरी गुण पाहून ज्याने पैसे मोजले त्याला तुमच्या संक्षिप्त रूपाने काय दिले?

ऑफसाइड (इंदूर)

एवढी चर्चा झाली आणि क्रिकेटचा उल्लेख नाही. हे इंदूर आहे, सी. के. नायडूंचे गाव आहे, याचे भान असू द्यावे.

चौकोनी_ठोकळा

ऑफसाइड, नुसते नाव घेऊन पळू नका, समीक्षा लिहा.

ऑफसाइड (इंदूर)

लिहितो.

२००६ च्या अखेरीस आलेला ‘क्रिकेट ०७’ हा आपल्याकडे सर्वाधिक प्रेम मिळालेला क्रिकेटचा खेळ असावा. करारनाम्याअभावी भारतीय संघातील खेळाडूंची नावे वेडीवाकडी होती, ती लोकांनी स्वतः दुरुस्त केली. पण खेळ म्हणून पाहिले तर त्यात चेंडू कुठे टप्पा घेणार ते आधीच खेळपट्टीवर खूण करून दाखवले जाई. एकदा ती खूण वाचता आली की फलंदाजी म्हणजे घोकंपट्टी होते. ज्या फटक्याला प्रत्यक्षात धाडस लागते तो तिथे ठरावीक क्षणी दाबायचे बटण होऊन बसतो. कन्सोलवर मात्र उजव्या काडीने फटका मारण्याची सोय त्या खेळात होती, तिची मजा कीबोर्डवर खेळणाऱ्यांना कधीच कळली नाही.

२०१४ साली मेलबर्नच्या बिग अँट कंपनीने ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आणला आणि ती खूण काढून टाकली. गोलंदाजाचा हात आणि चेंडूची दिशा पाहून एका काडीने पाय हलवायचे आणि दुसरीने बॅट. पहिले काही दिवस मी सतत त्रिफळाबाद होत होतो आणि तरीही मला वाटते की क्रिकेट काय असते हे त्या आधीच्या कोणत्याही खेळापेक्षा त्याला अधिक कळले होते. क्षेत्ररक्षकांच्या हालचाली यांत्रिक होत्या, चेहरे मेणाचे वाटत. रामबागकरांचा निकष येथे चपखल बसतो: चित्रे सामान्य, पण बोटांना दिलेले काम अचूक.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

आपल्या मातीवरच्या खेळांबद्दलही बोलले पाहिजे. सदर मराठी वाचकांसाठी आहे, आणि भारतीय विषय आला की आपली परीक्षणे एक तर फार हळवी होतात किंवा फार संतापी.

२०१७ चा ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ प्लेस्टेशन ४ वर आला. कथेचा मोठा भाग पश्चिम घाटात घडतो, होयसळांचे राज्य आणि गणपतीचा दात यांच्या शोधात. नायिका क्लोई आपल्या साथीदारणीला परशुरामाच्या परशूची कथा सांगते, ती मराठी घरातल्या मुलाला ओळखीची वाटते. हिरवाई, ओलसर कातळ आणि पाण्याचा उजेड सुरेख उतरले आहेत. पण होयसळांच्या वास्तूंचा प्राण भव्यतेत नाही. बेलूर आणि हळेबीडची मंदिरे बेताच्या उंचीची आहेत. मऊ शंखजिऱ्याच्या दगडात बोटभर जागेत दागिन्याची कडी न्‌ कडी कोरलेली, हे त्यांचे वैशिष्ट्य. २०२३ साली सोमनाथपूरसह ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. खेळात मात्र प्रचंड मूर्ती आणि शेकडो वर्षे तेलपाणी न मिळताही सुरळीत फिरणारी दगडी यंत्रे आहेत. हे मला खटकते ते ऐतिहासिक चूक म्हणून नव्हे. ज्या शिल्पाला जवळ जाऊन, थांबून पाहावे लागते त्याचा उपयोग केवळ चढण्यासाठी केला, यातली संधी वाया गेली म्हणून.

वाचनवेडी (इंदूर)

लष्करवाले, याच्या समोर पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ठेवून पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम स्विचवरच आला. भावाला शोधणारी नायिका, राजस्थानी हवेल्या, भिंतीवरची चित्रे, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेले कथाभाग. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबले की देव त्यांची कथा सांगतात, म्हणजे तुम्हाला हवे असलेले थांबून पाहणे येथे खेळाच्या रचनेतच आहे. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसूनही त्यांनी तो पुरा केला.

आणि तरीही तो पाच-एक तासांत एकदम संपतो, जणू शेवटचे प्रकरण छापायचे राहून गेले. मारामारीत नायिकेच्या हालचाली नृत्यासारख्या देखण्या आहेत, पण बटण दाबणे आणि वार लागणे यांत जो घट्टपणा हवा तो कमी पडतो. हातातल्या पडद्यावर कॅमेरा इतका दूर जातो की नायिका मुंगीएवढी दिसते. हे मी ‘आपल्या मुलांनी केले आहे’ म्हणून झाकणार नाही. पुण्याच्या लोकांना आपण लहान भावंडांसारखे नव्हे, कारागिरांसारखे वागवावे.

सरळसोट (इंदूर)

उलट टोकही आठवते. २००९ साली प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला, संपूर्णपणे भारतात तयार झालेला. देवाला रिमोटने नाचवणे योग्य की अयोग्य यावरच वाद पेटला आणि खेळ म्हणून तो किती कच्चा होता हे बाजूलाच राहिले. त्याच वर्षी आलेल्या ‘देसी अड्डा’त विटीदांडू, कबड्डी आणि पतंग होते. त्याच्याकडे समीक्षकांनी क्वचितच वळून पाहिले.

निशाचर (इंदूर)

मूळ प्रश्नाकडे येतो. रामबागकरांचा निकष मला आजही सार्वत्रिक म्हणून मान्य नाही, पण वाचनवेडींनी जी विभागणी केली ती मान्य आहे. तेव्हा सदरात ‘थांबवता येतो का’ याऐवजी ‘थांबवता येत नसेल तर त्या बदल्यात काय मिळते’ असे लिहा. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये भीती मिळते. ज्यात काहीच मिळत नाही, नुसती मागची वीस मिनिटे पुन्हा खेळावी लागतात, त्याला खुशाल झोडपा.

रामबागकर (इंदूर)

ही सुधारणा मी घेतली.

संपादकांशी आज सकाळी बोललो. तारे नाहीत, यावर त्यांनी नाखुशीने मान डोलावली. लेखाच्या आरंभी एक चौकट असेल: कोणत्या यंत्रावर खेळलो, टीव्हीवर की हातात, कुठपर्यंत खेळलो, अक्षरे मोठी करता येतात का, आणि सयाजीगंज यांच्या आग्रहाखातर हात कधी दुखू लागला. अक्का, अक्षरांची ओळ चौकटीत पहिली येईल आणि चौकट मोठ्या टाइपात छापू. पहिल्या अंकासाठी स्विचवर ‘राजी’, टीव्हीवर ‘लॉस्ट लेगसी’ आणि गेम बॉयवरचा ‘टेट्रिस’ हे तीन ठरवतो. गेम बॉय चालू स्थितीत कोणाकडे असेल तर इंदुरात कुठेही येऊन घेऊन जाईन आणि परत करीन.

चौकोनी_ठोकळा

माझ्याकडे आहे. सेल तुमचे.

ऑफसाइड (इंदूर)

आणि क्रिकेट?

अक्का_तिळकनगर (इंदूर)

क्रिकेटचाही घ्या. धावफलक मोठ्या अक्षरांत असतो, तो मला सोफ्यावरून वाचता येतो.